जांभळीवरचा कर्णा आणि तांबूची घंटा

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. लग्नाच्या मांडवाशेजारी उंच झाडावर बांधतात आणि ज्यातून गाणी वाजतात ना, तोच मी. भोंगा म्हणालात तरी चालेल, पण डबा म्हणू नका. अंगावर पोचे पडले असले म्हणून काय झालं, कर्ण्यालाही अब्रू असते!

माझा जन्म बेळगावच्या एका कारखान्यात झाला. पत्रा गोल वळवून, ठोकून मला घडवलं आणि १९८४ साली रामनगरच्या धाकलूनं मला विकत आणलं. लग्नाकार्याला माइकसेट लावणं हा त्याचा धंदा. कर्नाटकातल्या आमच्या जोयडा तालुक्यात कितीतरी वाड्यांत तेव्हा वीज नव्हती. त्यामुळे मी, कॅसेटचं यंत्र आणि एक जडशीळ बॅटरी असे आम्ही तिघे बसच्या टपावरून निघायचो आणि पुढं बैलगाडीत बसायचो. वाडीच्या तोंडाशी पोरं स्वागताला उभी असायची. "कर्णा आला, कर्णा आला!" असा नुसता कल्ला. मग मी का शेफारणार नाही?

माझ्या आवाजानं तान्ही मुलं दचकून उठायची. म्हातारी माणसं कानात कापूस घालून बसायची. कुणी "जरा हळू कर बाबा" म्हणालं, की धाकलू हसत बटण आणखी पिळायचा. मलाही त्याचा भारी अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू?

मग आलं लखूच्या घरचं लग्न. बाजारकुणंग गावाच्या बाजूला, जंगलाला लागून त्याची वाडी. मुलाचं लग्न होतं. नवरीचं नाव केशर, ती डोंगरापलीकडच्या वाडीची. लखू भल्या पहाटेच धाकलूला म्हणाला, "कर्णा जांभळीच्या शेंड्याला बांध आन् तोंड डोंगराकडं कर. व्याह्याच्या घरात राहिलेल्या म्हाताऱ्यास्नी बसल्या जाग्यावर ऐकू गेलं पायजे!" धाकलूनं मला जंगलाकडं तोंड करून आवळून बांधलं. लग्न लागलं, पंगती उठल्या आणि मी दिवसभर गात राहिलो.

ऊन कलल्यावर शेजारची गिरजाकाकी धापा टाकत मांडवात आली. तिची एकुलती एक गाय, तांबू, गाभण होती, आज-उद्या विणार अशी. इथली गुरं सकाळी आपली आपण जंगलात चरायला जातात. प्रत्येकीच्या गळ्यात लाकडी घंटा असते आणि प्रत्येक घंटेचा आवाज वेगळा. दिवस कलला की बाया रानाच्या कडेला उभ्या राहून कान देतात. आपली घंटा ओळखायची आणि त्या दिशेला चालायचं, अशी इथली रीत. बाकीची गुरं परतली होती. तांबू मात्र आली नव्हती.

"धाकलूभाऊ, कर्णा बंद कर रे," गिरजाकाकी रडकुंडीला येऊन म्हणाली. "घंटाच ऐकू येत न्हाई. कुठंतरी जाळीत विली असंल. अंधार पडला तर बिबट्या सोडायचा न्हाई तिला."

धाकलूनं लखूकडं पाहिलं. लखू घुटमळला. "आगं काकी, मधीच बंद केला तर व्याही म्हणतील, बॅटरी संपली. माजं नाक कापलं जाईल की!"

आणि मी? मी वर बसून गळा काढतच होतो. जिच्यासाठी ती बाई तळमळत होती, त्या तांबूच्या घंटेचा आवाज मीच बुडवत होतो. आज आठवलं तरी लाज वाटते.

तेवढ्यात दिवसभर खाली मान घालून बसलेली नवरी उठून उभी राहिली. केशरनं सासऱ्याच्या घरात पहिल्यांदा तोंड उघडलं ते हे बोलायला, "मामंजी, बंद करा तो. आमच्या वाडीत गुरं यायच्या येळंला कुणी मोठ्यानं हाकसुदिक मारत न्हाई. माज्या माहेरची मानसं काय म्हणायची न्हाईत, मी सांगते."

लखूनं स्वतः जाऊन बॅटरीची वायर उपसली.

मी गप्प झालो. सगळं वऱ्हाड गप्प झालं. रात्रीची खीर ढवळणाऱ्या आचाऱ्यानंही डाव वर धरला. मित्रांनो, जंगल कसं ऐकू येतं हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. आधी पाखरं ऐकू आली, मग ओहोळ आणि मग फार लांबून... टक्. टक् टक्.

"माजी तांबू!" गिरजाकाकी ओरडली आणि पळत सुटली. तिच्यामागं धाकलू, लखू आणि बाशिंग सावरत नवरदेवसुद्धा!

उजेड होता तोवर सगळे परतले. धाकलूच्या खांद्यावर ओलं, थरथरणारं वासरू होतं आणि मागून तांबू हंबरत येत होती. सापडली तेव्हा ती जाळीत बसून वासराला चाटत होती. चाटताना मान हले, म्हणून घंटा वाजत होती. केशरनं नव्या शालूची पर्वा न करता वासराला जवळ घेतलं. कालवड होती. लग्नात आली म्हणून तिचं नाव पडलं वऱ्हाडीण.

नंतर मला पुन्हा लावलं, पण खाली, मांडवाकडं तोंड करून आणि हळू आवाजात. तेव्हापासून कुठंही गेलो, तरी धाकलू विचारायचा, "गुरं कवा येत्यात?" त्या वेळी आम्ही चक्क सुट्टी घ्यायचो.

पुढं धाकलूनं नवे स्पीकर घेतले आणि मी अडगळीत पडलो. हे कळल्यावर गिरजाकाकीनं मला मागून आणलं. "लई वरडलास," म्हणत तिनं मला गोठ्याच्या भिंतीला टांगलं, "आता जरा आईक."

गाणी जरूर लावा, मित्रांनो. मीही एकेकाळचा गवय्या आहे! फक्त आधी शेजारी डोकावून बघा. तिथं कुणीतरी कान देऊन कशाची तरी वाट बघत असेल.

मीही रोज बघतो. तांबू आता थकली आहे. तिची घंटा वऱ्हाडिणीच्या गळ्यात आहे.

थांबा! टक्. टक् टक्. आली वाटतं. आता मी गप्प बसतो.