पाळण्याखालचा दगड

दगडाला शेंदूर फासलेला पाहिला तेव्हा माझ्या हातात पेजेची वाटी होती. ती मी खाली ठेवली नाही, आपटली.

"अक्का, हे काय केलंत?"

सासूबाईंना आमच्या घरात सगळे अक्काच म्हणतात. पाळण्याखाली वाकून त्यांनी दगडावरची कडुलिंबाची डहाळी सरळ केली. "अम्मा बसवल्या. लेकरू तापानं फणफणतंय आणि तू बाटलीवरची चिठ्ठी वाचत बसलीस."

माझ्या लेकीला, गोदूला, गोवर निघाला होता. डॉक्टर येऊन गेले होते, औषध चालू होतं, आणि मी दर थोड्या वेळानं तिच्या कपाळाला हात लावत होते. पण सासरचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी बंगळुरात आलेलं. त्यांचे देव निम्मे मराठी, निम्मे कानडी. गोवर म्हणजे अम्मा घरी आल्या. त्यांना दगडावर बसवायचं, आणि लेकराला कडुलिंबाच्या पाण्यानं अंघोळ घालेपर्यंत त्या दगडाला कुणी हलवायचं नाही.

साऱ्या घरात अक्कांना दगड सापडला तो माझा!

कॉलेजच्या सहलीत ओरिसात, तालचेरला, मी तो स्वतःच्या हातांनी मातीतून उकरून काढला होता. लग्नात साड्यांच्या घड्यांमध्ये बांधून आणला होता. त्याची एक बाजू सपाट, आणि तिच्यावर एकाच दिशेला ओढलेल्या बारीक रेघा. मुलींच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या डेमॉन्स्ट्रेटरची जागा निघाली होती. शनिवारी परीक्षकांसमोर पाठ घ्यायचा होता. विषय मी निवडला होता, 'खंडं सरकली आहेत काय?', आणि माझ्याजवळ पुरावा म्हणून हा एवढा एकच दगड होता. लग्नानंतर तीन वर्षं भाकऱ्या थापल्यावर आलेली ही पहिली संधी. आणि गोदूची अंघोळ रविवारी.

यांना सांगितलं, तर वर्तमानपत्राआडून म्हणाले, "दुसरा घे की. लालबागेत ढीगभर दगड आहेत."

"लालबागेतला नाही चालत!"

"दगड तो दगड."

इंजिनियर माणूस! लेथच्या पात्यात एका केसाचा फरक पडला तर कारखाना डोक्यावर घेतात, आणि माझा म्हणजे 'दगड तो दगड'.

शेजारच्या यल्लव्वा रोज डोकावत आणि हात जोडून जात. कुणाला सांगू, की अहो, ज्याला हात जोडता तो माझा नमुना आहे?

शनिवारी सकाळी गोदूचा ताप उतरला होता. अक्का नळावर गेल्या होत्या. मी पाळण्याखाली हात घातला. बोटांना तेल लागलं, आणि तेवढ्यात गोदू झोपेत कण्हली.

मी हात मागे घेतला.

बी.एस्सी. झालेली मी. गोवर कशानं होतो, कशानं उतरतो, सगळं पाठ. आणि हात मागे घेतला! इतका संताप आला स्वतःचा, की अक्का दारात घागर घेऊन उभ्या आहेत हेही कळलं नाही.

"नेतेस काय?"

"न्यावाच लागेल, अक्का. ती देवी नाही. ओरिसातला दगड आहे."

"ओरिसात देवी नसते काय?"

मी पाळण्याखाली वाकून दगडाची सपाट बाजू दाखवली. शेंदराखाली रेघा बुजून गेल्या होत्या, म्हणून बोटानंच दाखवल्या. "हे बर्फानं केलंय. डोंगराएवढ्या जाड बर्फात हा दगड रुतला होता. बर्फ सरकत गेला तसा हा खालच्या खडकावर घासत गेला."

"ओरिसात बर्फ? उन्हानं माणसं मरतात तिथं."

"तेच तर म्हणते! तेव्हा तो मुलूख तिथं नव्हताच. पार दक्षिणेला, गारठ्यात होता. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, सगळ्यांना चिकटून. तिकडेही असेच घासलेले दगड सापडतात, त्याच काळातले. मग जमीन फुटली आणि आपला तुकडा वर सरकत इथं आला."

"स्वल्प सरकला की पुष्कळ?"

"हजारो मैल, अक्का."

अक्कांनी घागर खाली ठेवली. पदरानं हात पुसून त्या दगडाजवळ वाकल्या. "म्हणजे ह्या एवढं चालून आल्या?"

"त्या नाही, जमीन. म्हणजे जमिनीबरोबर…"

"सरी, ठीक आहे. मग कॉलेजापर्यंत जाऊन यायला त्यांना काय जड आहे? शेंदूर धुवायचा नाही. जमिनीवर ठेवायचं नाही. दिवेलागणीच्या आत परत. आणि लेकराची काळजी करत बसू नकोस, मी आहे."

मी परकराच्या कापडात दगड गुंडाळून शिवाजीनगरहून बस पकडली. वाटभर दोनच गोष्टी डोक्यात: गोदूचा ताप परत चढला तर, आणि मांडीवर उतरणारं दगडाचं तेल.

परीक्षकांत मुख्य होते अप्पासाहेब, बेळगावकडचे, सगळी हयात खडक फोडण्यात गेलेली. बाकी बोलणं इंग्रजीत चाललं होतं. दगड पाहिल्यावर मात्र ते मराठीत आले.

"बाई, हा नमुना आहे की नैवेद्य मागणारा?"

बाकीचे दोन्ही परीक्षक हसले. माझे कान तापले. धुवायचा नाही, हे कबूल केलं होतं. पुसायचा नाही, असं कुणी म्हणालं नव्हतं. मी रुमाल काढला आणि सपाट बाजू रागानं खसाखसा पुसली.

वरचा शेंदूर निघाला. रेघांमधला राहिला. करड्या दगडावर लाल, बारीक, एकमेकींशी समांतर रेघा. मागच्या बाकापर्यंत दिसाव्यात अशा. इतक्या वर्षांत मीसुद्धा त्या इतक्या स्पष्ट पाहिल्या नव्हत्या.

अप्पासाहेब पुढे झुकले. "नदीनंही दगड घासला जातो."

"नदीनं गोल होतो. अशी सपाट बाजू आणि एका दिशेच्या रेघा नाही पडत." मग मी थांबलेच नाही. आफ्रिकेचा आणि दक्षिण अमेरिकेचा किनारा कसा जुळतो. या दगडांच्या वरच्या थरांत जिभेच्या आकाराच्या एकाच पानाचे ठसे आपल्याकडे, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात कसे सापडतात. ते झाड काही समुद्र पोहून गेलं नसेल.

"ठीक. पण एवढाली खंडं ढकलली कुणी?"

"ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "१९५५ साल उजाडलं, तरी अजून कुणालाच नीट माहीत नाही. पण ढकलणारा दिसला नाही म्हणून सरकलीच नाहीत, असं कसं म्हणायचं?" आवाज चढला होता, सकाळपासूनचा सगळा राग त्यात होता.

अप्पासाहेबांनी चष्मा काढला. "मला नाही पटत. पण मुलींना जागं ठेवाल तुम्ही. सोमवारपासून या. आणि हा दगड आमच्या काचेच्या कपाटात राहू द्या."

"आज नाही!" मी तो उचललासुद्धा. "सोमवारी आणते."

दिवेलागणीच्या आधी घरी पोचले. गोदू अक्कांच्या मांडीवर पेज खात होती. अक्कांनी पुसलेली बाजू पाहिली. मी बोलणी खायची तयारी केली.

"ह्या रेघा सकाळी दिसत नव्हत्या," एवढंच त्या म्हणाल्या.

रविवारी अंघोळ झाली. अम्मांना निरोप देऊन अक्कांनी दगड माझ्या हातात ठेवला. "घे बाई, तुझा आता. सोमवारी ने."

सोमवारी मी डबा घेतला, छत्री घेतली. पाळण्याजवळ वाकले. गोदूच्या पाठीवर अजून दोन-चार डाग होते. दगड मी परत पाळण्याखाली ठेवला.

अप्पासाहेब दर सोमवारी विचारतात, "बाई, दगड?"

"मुलगी पूर्ण बरी झाली की आणते."

गोदू आता धावते. काल तर चक्क पाळण्याखालचा दगड ओढून, त्यावर उभी राहून खिडकीशी पोचली, आणि मीच ओरडले, "उतर खाली! पाय नको लावू!"

स्वयंपाकघरातून अक्का हसल्या. मला नाही हसू आलं.