ब्रेकखाली अडकलेला नारळ

मित्रांनो, मी एक जुनी विलायती मोटार आहे. आता बैहरजवळच्या एका गावात गोठ्याला टेकून उभी असते आणि माझ्या मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. त्यामुळे माझं बोलणं तुम्हाला बढाईचं वाटेल. वाटू द्या. १९५६ साली मी कारखान्यातून बाहेर पडले, तेव्हा माझ्या तोडीची गाडी बालाघाटात शोधूनही सापडली नसती.

भरवेलीच्या खाणीतले ठेकेदार भोजराजबाबू यांनी मला कलकत्त्याहून आणलं. माझं इंजिन असं की घाट चढताना त्याला धाप लागत नसे. पुढची सीट बाकासारखी सलग, गुळगुळीत कातड्याची. गिअरची दांडी स्टिअरिंगलाच असल्यामुळे पायाशी ऐसपैस मोकळी जागा. आणि ब्रेक तर काय सांगू, पाय नुसता टेकला की चारही चाकं जागच्या जागी थांबत. खाणीतले मजूर सायकलवरून उतरून मला बघत राहायचे. माझा ड्रायव्हर प्रेमलाल रोज माझं तेलपाणी बघायचा आणि मला लेकीसारखं जपायचा.

पण ज्या ब्रेकचा मला एवढा तोरा होता, ते ऐन वेळी दाबताच येईनात. ही गोष्ट १९६४ सालच्या दसऱ्याची.

भोजराजबाबूंची लेक अंजना पहिल्या बाळंतपणाला या गावी, आपल्या आजीकडे आली होती आणि तिच्या दिमतीला मी आणि प्रेमलालही इथेच मुक्कामाला होतो. आजी म्हणजे भोजराजबाबूंची आई, शेवंताबाई. घरात त्यांचाच शब्द चाले. दसऱ्याला माझी पूजा झाली, कुंकू लागलं, झेंडूचा हार चढला. पूजेचा नारळ चाकापुढे फोडायची रीत, पण शेवंताबाईंनी तो फोडू दिला नाही. नात सुखरूप सुटली की मगच फोडायचा, तोवर तो गाडीतच राहील, असं त्या देवाला बोलल्या होत्या. प्रेमलालने नारळ ठेवायला डिक्की उघडली.

"देवाले डिक्कीत ठेवतेत काय रे?" शेवंताबाई म्हणाल्या. "तिथं तेलाचा डबा हाय, तुह्या चपला हायत. समोर ठेव, सीटवर."

"बाई, समोर गडगडन तो."

"काहून गडगडन? लाल कपड्यात बांध."

प्रेमलालने बांधला. मालकिणीपुढे तो तरी किती बोलणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनाच्या कळा सुरू झाल्या आणि दुपारपर्यंत सुईणीने हात टेकले. मूल आडवं आहे, बालाघाटच्या दवाखान्यात न्या, असं ती म्हणाली. मागच्या सीटवर आजीच्या मांडीवर डोकं ठेवून अंजना पडली. तिचा श्वास मला माझ्या स्प्रिंगांत जाणवत होता. प्रेमलालने मला असं हाकलं की पोरीला हिसका बसू नये आणि वेळही जाऊ नये.

मग घाट लागला. उताराच्या एका डाव्या वळणावर नारळ कातड्यावरून सरकला आणि उजवीकडे, प्रेमलालच्या बाजूला घरंगळून खाली पडला. कापडाची गाठ सुटली. माझ्या त्या ऐसपैस मोकळ्या जागेतून तो सरळ ब्रेकखाली जाऊन घट्ट बसला.

प्रेमलालने ब्रेक दाबला. तो खाली जाईना. त्याने खालचा गिअर टाकला, हातब्रेक ओढला, माझी मागची चाकं किंचाळली. वेग थोडा मंदावला, पण उतार मोठा होता. समोरून बांबू लादलेला ट्रक रस्ता अडवून चढत होता आणि डाव्या हाताला दरी होती. माझे ब्रेक ठणठणीत होते हो, पण पाय त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता. मला इतकं असहाय कधीच वाटलं नाही.

लाथ मारली असती तर नारळ सुटला असता. पण प्रेमलालचा पाय उचलेना. एका हाताने स्टिअरिंग धरून तो दुसऱ्या हाताने खाली चाचपू लागला. त्याची नजर रस्त्यावरून हटली तशी मी दरीकडे सरकले.

"हात काहून घालतं? पायानं ढकल त्याले," शेवंताबाई मागून म्हणाल्या.

"देवाचा नारळ हाय, बाई. पाय कसा लावू?"

"म्याच ठेवला तो तिथं. पाप लागन ते मले लागन. मार लात, प्रेमलाल."

त्याने डोळे मिटले नाहीत, रस्त्यावर रोखले आणि टाच हाणली. नारळ निसटून पलीकडे आदळला. पाय ब्रेकवर पडला आणि माझी चारही चाकं एकदम थांबली. बांबूंची टोकं माझ्या काचेला लागण्याच्या बेतात होती. ट्रकवाला शिव्या देत होता आणि त्या मला गोड लागत होत्या.

बालाघाटला अंजना सुटली. मुलगी झाली, दोघी बचावल्या. प्रेमलाल मात्र दवाखान्याच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. नवसाच्या नारळाला लाथ मारली, आता आपलं काय होणार, असं तो पुटपुटत होता. शेवंताबाई बाहेर आल्या. वाकल्या आणि त्याच्या उजव्या पायाला हात लावून तोच हात कपाळी लावला. प्रेमलालने घाबरून पाय मागे ओढला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "माही नात या पायानं आणली."

मित्रांनो, गाडीला हार घाला, कुंकू लावा, मला आवडतं ते. पण चालवणाऱ्याच्या पायाशी देवसुद्धा ठेवू नका. आणि "इथं नको" असं तो म्हणाला, तर तेव्हाच ऐका.