पेन्सिलीखालचे वण

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. आरशाची नव्हे, खिडकीची तर मुळीच नव्हे. मी फोटोची काच. फिल्म येण्याआधी माणसांचे चेहरे आधी माझ्यावर उमटत आणि मग माझ्यावरून कागदावर उतरत. माझ्यात सगळं उलटं दिसतं, पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं. त्यामुळे पहिल्यांदा पाहणारा दचकतोच. पण समोर जे असेल ते मी टिपते, त्यातलं काही गाळत नाही. या गोष्टीचा मला थोडा ताठा आहे, तेवढा सांभाळून घ्या.

अकोल्याला ताजनापेठेत गुलाम नबी यांचा स्टुडिओ होता. सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात तिथे पातूरहून पुंजाजी आणि केशरबाई हे जोडपं आलं. आदल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दोघांनी धम्माची दीक्षा घेतली होती. त्या दिवशीचे पांढरे कपडे घडी करून जपले होते, तेच घालून ती दोघं आयुष्यातला पहिला फोटो काढायला आली होती. पुंजाजी अंगानं धिप्पाड, आणि तोंडावर लहानपणच्या देवीचे दाट वण. नबीभाऊंनी मला कॅमेऱ्यात सरकवलं, हलू नका म्हणाले, आणि दोघं अशी ताठ बसली की पापणी लवली तर शपथ!

मला धुऊन वाळवल्यावर पुंजाजींनी उजेडात धरून पाहिलं, तर त्यांचं तोंडच उतरलं. आपण एवढे पांढरेशुभ्र होऊन आलो आणि या भल्या माणसानं आपले कपडे काळे करून टाकले, असं त्यांना वाटलं. नबीभाऊ पोट धरून हसले. मग त्यांनी दुसऱ्याच कोणाची काच आणि तिचा कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवला, तेव्हा कुठे पुंजाजींचा जीव भांड्यात पडला.

निघताना नवरा पुढे गेलेला पाहून केशरबाई मागे रेंगाळली. हळूच म्हणाली, "भाऊ, त्याईच्या तोंडावरचे वण तेवढे काढून टाकजा. घरी चार लोक येतीन, फोटू पाहतीन."

माझं नशीब ठरलं ते इथे. वण घालवायचे तर मार्ग तीन. कागदावर कुंचला फिरवायचा, तर प्रत्येक कागदाला नव्यानं खटपट. माझ्यावरच रंग भरायचा, तर काम झटपट, पण रंग आत मुरला की जन्मात निघत नाही. किंवा माझ्यावर राळेचा पातळ हात द्यायचा आणि त्यावर टोकदार पेन्सिलीनं एकेक वण भरत बसायचं. डोळ्यांची वाट लावणारं काम! पण टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की ते पुसता येतं. नबीभाऊंनी पेन्सिल उचलली. माणसाचं मन फिरतं, म्हणून केलेलं मोडता आलं पाहिजे, असं ते म्हणत.

कागद तयार झाला तेव्हा पुंजाजी त्यात गुळगुळीत नवरदेव दिसत होते. केशरबाई खुलली. फोटो पातूरला जाऊन भिंतीवर लागला आणि मी खोक्यात गेले.

पुढे फिल्म आली. हलकी, न फुटणारी, लाडाची! गरज सरो आणि वैद्य मरो, तशी आमची गत झाली. शेजारी हुसेनमियांचं फ्रेमचं दुकान होतं. नबीभाऊंनी आमची खोकी त्यांना विकली. उकळत्या सोड्याच्या पाण्यात माझ्या सोबतिणींवरच्या नवऱ्या, पहिलवान, बारशाची बाळं विरघळून गेली, आणि त्या कोऱ्या काचा भलत्यांच्याच फोटोवर जाऊन बसल्या. माझा एक कोपरा फुटलेला होता. फ्रेमला उपयोगाची नाही म्हणून हुसेनमियांनी मला परत पाठवलं. फुटक्या काचांच्या डब्यात मी धूळ खात पडले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग पुंजाजी वारले. घरचा फोटो तोवर चुलीच्या धुरानं आणि ओलीनं पिवळा पडला होता. मुलगा देवमन अमरावतीला नोकरीला होता. त्यानं तिथे त्या फोटोचाच फोटो काढवून घेतला, आणि त्याचाही पुन्हा मोठा करवला. दर वेळी कागदानं काहीतरी गाळलं. शेवटी जे आलं ते पिठाच्या गोळ्याला डोळे लावल्यासारखं होतं. केशरबाईनं ते हातात घेतलं आणि हा कोण म्हणून विचारलं.

मायलेक अकोल्याला आले. त्या दिवसाची काच आहे का, देवमननं विचारलं. नबीभाऊंचा चेहरा पांढरा पडला. काचा विकल्या, हे त्यांनी खाली मान घालून सांगितलं.

केशरबाई उंबऱ्यावरच बसली. "भाऊ, मले आता त्याईचं तोंड आठवत नाही," ती म्हणाली. "डोये मिटले का तुमचा फोटूच दिसते. गुयगुयीत. थे वण मीच काढाले लावले होते ना."

नबीभाऊंनी फुटक्या काचांचा डबा ओढला आणि एकेक काच उजेडात धरू लागले. बोट कापलं तरी थांबले नाहीत. माझी पाळी आली, आणि ते धरलेला श्वास सोडून म्हणाले, "या अल्ला. वयनी, भेटले."

टर्पेंटाइनचा बोळा माझ्यावरून फिरला. पेन्सिल निघाली, सगळे वण जागच्या जागी होते. नव्या कागदावर पुंजाजी उतरले ते तसेच, दाट वणांचे, ताठ बसलेले. केशरबाई कागदावर हात ठेवून रडली. दुसरी प्रत पहिल्यासारखी गुळगुळीत करून देऊ का, नबीभाऊंनी विचारलं.

"नका," ती म्हणाली. "हेच माये धनी हायेत."

म्हणून सांगते, मित्रांनो, फोटो हवा तसा नटवा, त्यात पाप नाही. पण पेरायची जवारी आपण वेगळ्या मडक्यात राखतो ना? तसं जे मूळ आहे ते राखा, आणि त्याच्यावर पुसता येईल तेवढंच लिहा.

नबीभाऊंनी मला फडक्यात गुंडाळून केशरबाईला देऊन टाकलं. पातूरला तिच्या पेटीत लुगड्यांच्या घडीत मी असते. अधूनमधून ती मला काढून उन्हाकडे धरते. माझ्यात सगळं उलटं, त्यामुळे पुंजाजींचा चेहरा काळा दिसतो, आणि त्यावर ते वण तेवढे उजेडानं चमकतात.