अहो, लाईट बंद करून या!

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. एका दाराचा, मूळचा पांढरा, आता हँडलजवळ पिवळा पडलेला. मला बघून कुणीही म्हणेल, हे धूड अजून चालतं? चालतं बाबांनो, पण कसं चालतं ते माझं मला ठाऊक!

कारखान्यातून निघालो तेव्हा काय माझा रुबाब होता! दार नुसतं लोटलं की घट्ट चिकटायचं. घरचे कर्ते भाऊ, येईल त्याला म्हणायचे, "हात लावून बघा, कसा गारेगार आहे!" त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, माझ्या डोक्यावर विणलेला रुमाल घातला. भाऊंची थोरली बहीण याच घरात राहते. तिला सगळे ताई म्हणतात. ताई लोकांचे कपडे इस्त्री करून देते. तिला मधुमेह आहे आणि तिच्या इन्सुलिनच्या बाटल्या माझ्या दारातल्या वरच्या कप्प्यात असतात. एवढं नाजूक काम माझ्यावर सोपवलंय, याचा मला फार अभिमान वाटायचा.

वर्षं गेली. माझ्या दाराचं रबर आधी कडक झालं, मग चिरलं. गारवा फटीतून बाहेर जायचा आणि गरम हवा आत यायची. पाठीमागच्या जाळीवर धुळीचा थर बसला. मी दिवसभर नुसता घरघरत असायचो, विसावा म्हणून नाही. विजेचं बिल चढायला लागलं. पण माझ्या रबराकडे बघतो कोण? सगळं खापर ताईच्या इस्त्रीवर फुटलं. ती बिचारी गरम इस्त्री बंद करून उरल्या उबेवर रुमाल उरकायची, तरी बिल काही उतरेना.

मग भाऊंनी बचतीचं मनावर घेतलं. मनावर कसलं, डोक्यातच घेतलं! रिकाम्या खोलीत पंखा दिसला की बंद. कुणी न्हाणीघरातून बाहेर पाऊल टाकतंय तोच "दिवा, दिवा!" अशी हाक.

"उद्या सूर्याचं बटण शोधायला निघाल," वहिनी म्हणायच्या.

ऐन उन्हाळ्यात वहिनींच्या माहेरी लग्न निघालं. मला रिकामं केलं. ताईनं एक बाटली बर्फाच्या पिशवीतून बरोबर घेतली, बाकीच्या माझ्याकडे ठेवल्या. इस्त्रीनं बोट भाजलं तर हाताशी असावेत म्हणून बर्फाचे सुटे खडे एका वाटीत काढून माझ्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले. सगळे खाली उतरले. भाऊ तेवढे कुलूप लावायला मागे राहिले. जिन्यातून वहिनी ओरडल्या, "अहो, लाईट बंद करून या!"

त्यांना म्हणायचा होता जिन्यातला दिवा. पण आपल्या बोलण्यात दिवाही लाईट आणि वीजही लाईट. भाऊंनी मेन स्विचच खाली ओढला. खट्!

मित्रांनो, तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. वर तापलेली गच्ची, खिडक्या बंद. माझं सगळं अंग कोमट होत गेलं. कप्प्यात साचलेल्या बर्फाचं पाणी झालं, ते फटीतून गळून फरशीवर आलं. आणि त्या बाटल्या! इन्सुलिन तापलं की त्याचा गुण जातो. मी नुसता बघत राहिलो. कुणीतरी या रे, एवढी एक कळ वर करा रे, असा मनातल्या मनात आक्रोश करत होतो.

चार दिवसांनी सगळे परतले. भाऊ पुढे होते, त्यांनी शिरताच स्विच वर केला. मी पुन्हा गार झालो, आणि तेच वाईट झालं. आता ओळखणार कसं? फरशीवरचं पाणी बघून वहिनी म्हणाल्या, "आता गळायलाही लागला. भंगारात द्या याला."

ताईनं माझ्यात तापून गेलेल्या त्याच बाटल्यांतून इंजेक्शन घ्यायला सुरुवात केली. तिची साखर वाढत गेली. घसा सारखा कोरडा पडायचा, अंगात त्राण उरायचं नाही.

"लग्नात गोडावर ताव मारलास ना?" भाऊ म्हणाले.

"तुझी शपथ, एक घासही नाही रे खाल्ला," ताई रडकुंडीला येऊन म्हणाली.

ती गार पाण्यासाठी पुन्हा पुन्हा माझं दार उघडायची. लगेच भाऊ ओरडायचे, "ताई, सारखं दार उघडू नकोस. बिल वाढतं!" ती ओशाळून अर्ध्या तहानेनंच दार लावायची. माझा जीव तुटत होता. मी थडथडलो, घरघरलो. भाऊंनी माझ्या पाठीत एक थाप मारली.

एके दुपारी तिचं बोट इस्त्रीला लागलं. ती धडपडत आली, वाटीतला खडा घ्यायला गेली आणि तशीच उभी राहिली.

"वहिनी," ती क्षीण आवाजात म्हणाली, "मी सुटे खडे ठेवले होते. हा तर एकच गड्डा झालाय."

वहिनींनी वाटी उलटी करून बघितली. "म्हणजे वितळून पुन्हा गोठला? अहो, जाताना तुम्ही काय बंद केलंत?"

"तूच म्हणालीस ना, लाईट बंद करून या!"

"अहो, जिन्यातला दिवा म्हटलं होतं मी!"

तेवढ्यात ताई माझ्या दाराला धरून खाली बसली. बोलेना. भाऊंनी तिला उचललं आणि अनवाणीच जिना उतरले. माझं दार उघडंच राहिलं. ते लावायचं भान कुणालाच नव्हतं.

आता माझं रबर नवं आहे. जाळी साफ झाली, मला भिंतीपासून जरा पुढे ओढलंय. मी थोडा वेळ चालतो आणि मग गप्प बसतो. एवढंच करायचं होतं हो! ताई अजून दवाखान्यातच आहे. कालपासून जरा बोलते म्हणे.

मित्रांनो, वीज जरूर वाचवा. फ्रीजच्या दारात एक कागद धरा आणि दार लावा. कागद सहज निघून आला तर समजा, गारवाही तिथूनच जातोय. पण कुठलीही कळ दाबण्याआधी एकदा बघा, त्या विजेवर कुणाचा जीव टांगलेला आहे.

आज सकाळी भाऊ नव्या बाटल्या घेऊन आले. दोन्ही हातांनी वरच्या कप्प्यात ठेवल्या. दार लावलं, पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. माझ्या आतल्या दिव्याकडे बघत ते किती तरी वेळ दार उघडं टाकून उभे राहिले.

"लाईट आहे," ते स्वतःशीच म्हणाले, आणि रडायला लागले.