माझ्या पाचाच्या बटणावरचे वाक्य

मित्रांनो, मी आकड्यांचा एक जुना कीपॅड आहे. काळा, तळहाताएवढा, अठरा बटणांचा. मोठ्या कीबोर्डच्या उजव्या कडेला आकड्यांचा जो चौकोन असतो, तेवढाच वेगळा काढून त्याला वायर जोडावी, तसे माझे रूप.

माझी उमेदीची वर्षे पार्सलच्या एका गोदामात गेली. कुणीतरी खोक्यावरचा क्रमांक मोठ्याने वाची आणि गोदामाचे कारकून माझ्याकडे न बघता तो टिपून घेत. "याला हात लावू नका, याच्यावर माझं सगळं चालतं," असे ते इतरांना बजावत. पुढे क्रमांक आपोआप वाचणारे यंत्र आले आणि माझी रवानगी खणात झाली. शाई वाळलेली पेने आणि तुटका स्टेपलर यांच्या सोबतीने मी तिथे चार वर्षे काढली. वाईट वाटले, पण सांगणार कुणाला?

कारकुनांची वहिनी एका एक्स-रे केंद्रात टायपिस्ट होती. डॉक्टर फोटो पाहून रिपोर्ट तोंडी रेकॉर्ड करत आणि ती हेडफोन लावून तो टाइप करी. एकदा ती ओल्या जिन्यावरून घसरली आणि तिचे डावे मनगट मोडले. प्लॅस्टर निघाले, तरी बोटे पूर्वीसारखी वळेनात. दोन-तीन बटणे एकदम दाबायची म्हटली की कळ थेट कोपरापर्यंत जाई. रिपोर्ट तुंबू लागले. मॅनेजरने तिला महिन्याची मुदत दिली. तेवढ्यात जमले नाही तर दुसरी टायपिस्ट येणार होती.

"भावजी, हवं ते काम नेमून देता येईल अशी जादा बटणं मिळतात म्हणे," ती कारकुनांना म्हणाली. "पण किंमत ऐकली आणि गुमान फोन ठेवला."

"विकत कशाला घेता, वहिनी? माझ्या खणात अठरा बटणं नुसती पडून आहेत."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला खणातून काढले, दातांच्या जुन्या ब्रशने माझ्या फटींतली धूळ झाडली आणि केंद्राच्या संगणकाला जोडले. त्यात फुकट मिळणारा एक छोटा प्रोग्रॅम बसवला. तो मला आणि मोठ्या कीबोर्डला वेगवेगळे ओळखे, त्यामुळे माझे बटण दाबले की आकडा न उमटता नेमून दिलेले काम होई. एका बटणावर कॉपी, एकावर सेव्ह, एकावर प्रिंट. कागदाचे चिमुकले तुकडे लिहून त्यांनी ते चिकटपट्टीने माझ्यावर लावले. खर्च झाला तो तेवढ्या चिकटपट्टीचा.

पाचाच्या बटणावर मात्र एक अख्खे वाक्य बसवले: 'दोन्ही फुप्फुसे स्वच्छ आहेत, दोष आढळला नाही.' दहांतल्या आठ रिपोर्टांत तेच असे. पाचावर बारीक उंचवटा असतो, त्यामुळे बोट न बघता तिथे जाते.

महिना संपला, तोवर तुंबलेले काम उरले नव्हते. मॅनेजर मुदतीबद्दल पुन्हा काही बोलला नाही. वहिनी, म्हणजे आमच्या टायपिस्ट बाई, घरी जाताना माझ्यावर रुमाल टाकून जाऊ लागल्या. मला बरे वाटे, खोटे कशाला बोलू?

मग तो दिवस आला. एका बस ड्रायव्हरचा रिपोर्ट होता. डॉक्टरांची सुरुवात नेहमीचीच होती. बाईंचे बोट सवयीने पाचावर पडले, लगेच प्रिंटवर गेले आणि उरलेले रेकॉर्डिंग त्यांनी ऐकलेच नाही. ड्रायव्हर लिफाफा घेऊन निघून गेला. पुढचे रेकॉर्डिंग सुरू झाले, त्यात डॉक्टर आधी म्हणाले, "मघाच्या ड्रायव्हरना थांबवून ठेवा, त्या डागाबद्दल मला बोलायचंय."

बाईंनी मागचे रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकले, हेडफोन काढला आणि त्या तशाच धावत सुटल्या.

मी टेबलावरच होतो. पुढचे त्यांनी संध्याकाळी कारकुनांना सांगितले, तेव्हा मला कळले. ड्रायव्हर बस थांब्यावर रांगेत उभा होता.

"तो कागद परत द्या. तो चुकीचा आहे. चूक माझी आहे," बाई म्हणाल्या.

"म्हणजे मला काही झालंय?"

"ते डॉक्टर सांगतील. मी तुमच्याबरोबर येते."

तो रांग सोडून मागोमाग आला. बाईंनी डॉक्टरांना सगळे स्वतःहून सांगितले. नोकरी गेली असेच त्या धरून चालल्या होत्या.

"ते वाक्य काढून टाका," डॉक्टर एवढेच म्हणाले.

त्याच संध्याकाळी कारकुनांनी ते काढले. आता पाच दाबला की 'डावे फुप्फुस' आणि 'उजवे फुप्फुस' एवढेच शब्द उमटतात आणि पुढे जागा कोरी राहते. ती बाईंनी ऐकून भरायची. रोजचे चार-पाच रिपोर्ट कमी होतात, पण मॅनेजरने ते चालवून घेतले.

ड्रायव्हरचा आजार वेळेत सापडला. आठ महिन्यांनी तो पुन्हा फोटो काढायला आला, तेव्हा अंगाने चांगला भरला होता. बाईंच्या टेबलाशी थांबून त्याने माझ्याकडे बोट दाखवले. "यानंच घोळ घातला होता ना?"

"त्यानं नाही, मी घातला," बाई म्हणाल्या. "त्याला काय, दाबलं ते त्यानं लिहिलं."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कुणी खणात पडले असेल तर त्याला बाहेर काढा, धूळ पुसा, नवे काम शिकवा. आम्ही कमी पैशांत खूप कष्ट उपसतो. पण समोरच्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकायचे काम आमच्यावर सोपवू नका. आम्हाला कान नसतात.