कमरेपासून खांद्यापर्यंत

मांडव्याला वकीलसाहेबांचा नवा बंगला उठत होता, आणि त्याच्या आतल्या भिंती बघून गुणाजी गवंड्याची मती गुंग झाली होती. ना वीट, ना चिरा. मुंबईहून शिडाच्या पडावात घालून आणलेले कागदी पाठीचे विलायती तक्ते लाकडी चौकटीवर ठोकलेले. टकटक केलं की ढोलासारखे वाजायचे.

त्यात वकिलीणबाईंचा हुकूम आणखी अजब. "गुणाजी, गिलावा गुळगुळीत नको. ओला असतानाच नक्षी उठव. दिवाणखान्यात उभ्या रेघा, निजायच्या खोलीत माशाची खवलं, स्वैपाकघरात टिंबं. आणि नक्षीचा पट्टा कमरेपासून खांद्यापर्यंतच."

"वरती का न्हाय, बाईसाब?"

"नको म्हटलं ना!"

आरशासारखी भिंत घोटण्यात गुणाजीची हयात गेली होती. तरी त्यानं लाकडी फणीनं रेघा ओढल्या. निजायच्या खोलीत तर एकेक खवल असं नाजूक काढलं, की चुना कालवणारी त्याची बायको जनी हातातलं काम टाकून बघत राहिली. गिलावा सुकल्यावर बाई आल्या. त्यांनी डोळे मिटले, भिंतीवरून तळवा फिरवला आणि म्हणाल्या, "हे नाही चालायचं. खरवडून काढ."

"काय चुकलं?" गुणाजीनं विचारलं. पण बाई तोवर निघून गेल्या होत्या.

चिडून त्यानं दुसऱ्या खेपेला अंगठ्याएवढी जाडजूड, ओबडधोबड खवलं थापली. ती मात्र बाईंना पसंत पडली!

"याड लागलंय बाईला," जनी म्हणाली. गुणाजीला दुसरं काही सुचेना.

मग एका भर दुपारी बाई स्वैपाकघराच्या दाराशी आल्या आणि वाटेत ठेवलेल्या घमेल्यावर सरळ चालत जाऊन आदळल्या. तोल सावरायला त्यांनी भिंत धरली. ओल्या टिंबांवर पाची बोटं उमटली.

"बाईसाब, घमेलं दिसलं न्हाय तुमाला?"

बाईंनी बोटांचा चुना पदराला पुसला. मग हळूच म्हणाल्या, "डावा डोळा गेलाय. उजवाही चाललाय. पुढं हातानंच खोल्या ओळखायच्या. साहेबांना बोलू नकोस. त्यांना वाटतंय, मुंबईची फॅशन आहे."

गुणाजीनं मान हलवली, आणि मग ती यांना दिसली असेल का, या विचारानं गडबडून "व्हय, व्हय" म्हणाला.

शनिवारी साहेब मित्रांना घेऊन आले. मोठमोठ्यानं नक्षी दाखवत फिरले. मंडळी पडवीत चहाला बसली, तेव्हा ते एकटेच गुणाजीजवळ आले.

"जिन्याच्या भिंतीलाही कर. पायऱ्या संपतात तिथं वेगळी खूण हवी. ठळक, हाताला लागेल अशी."

गुणाजी बघतच राहिला. "सायेब, म्हंजी तुमाला..."

"मी सांगितलं हे बाईंना कळता कामा नये," म्हणून साहेब पडवीत गेले. तिथून त्यांचं हसणं ऐकू आलं, पाठोपाठ बाईंचंही.

"काय म्हनलं सायेब?" जनीनं विचारलं.

तिला काय सांगावं, कुणाचं सांगावं, गुणाजीला उमजेना. एक बाई नवऱ्यापासून लपवते, नवरा बायकोपासून लपवतो, आणि दोघं मिळून चहा पितात.

"जिना ऱ्हायलाय," तो म्हणाला. "चुना जरा घट्ट कालव."