कासवाची लाँड्री

भिंगरीच्या घरात आजवर कुणाचंही वाक्य पूर्ण झालेलं नव्हतं. आईने सुरू केलेलं आत्या संपवायची, आत्याने सुरू केलेलं आई मोडीत काढायची आणि मधल्या फटीत भिंगरी तिसरंच काहीतरी घुसवायची. घरच्या लाँड्रीत आलेलं गिऱ्हाईक "परवाचा कोट..." एवढंच म्हणायचं, कोट कुठला, डाग कसला आणि तो कुणामुळे पडला, हे त्या तिघीच त्याला सांगायच्या. बाबा तेवढे गप्प. ते वाफेच्या इस्त्रीमागे उभे राहायचे आणि त्यांच्या वतीने इस्त्रीच फुसफुसायची.

अशा बाबांनी एकदा तोंड उघडलं, आणि तेही भिंगरीच्या विरोधात.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी तिने हौसेखातर एक विषय घेतला होता: आफ्रिका आणि तिथून जगभर पांगलेल्या लोकांचा इतिहास आणि संस्कृती. हौस कसली, खूळच लागलं. ती हँगर लावताना राजघराण्यांच्या वंशावळ्या तोंडपाठ म्हणणाऱ्या भाटांबद्दल सांगायची, बटणं शिवताना बोलणाऱ्या ढोलांबद्दल सांगायची, आणि समुद्रापार गेलेल्या गाण्यांच्या नादात तिने दोनदा उलटी विजार घडी करून गिऱ्हाइकाला दिली. आता पुढल्या वर्षासाठी एकच मुख्य विषय निवडायचा होता, आणि तिला तोच हवा होता.

"विषयाचं नाव सांगून होईपर्यंत इस्त्री गार होते," बाबा म्हणाले. "हिशेबाचा विषय घे."

"एकदा येऊन बघा तरी, बाबा. गुरुवारी आमची परीक्षा आहे, घरच्यांसमोर."

"येतो. पटलं तर ठीक. नाही पटलं तर हिशेब."

परीक्षा गोष्ट सांगायची होती. सरांनी वर्षभर एकच घोकून घेतलं होतं: आफ्रिकेतल्या परंपरेत गोष्ट एकट्याची नसते. सांगणारा हाक देतो, ऐकणारे ओ देतात. ओ आली नाही, तर गोष्टीने पुढे पाऊल टाकायचं नाही. म्हणून प्रत्येकाने आपले ऐकणारे आणायचे, आणि निम्मे गुण त्यांच्या तोंडाला. मात्र ऐकणाऱ्यांना 'बोला' असं मंचावरून सांगायचं नाही, त्यांना बोलतं करायचं.

भिंगरीला हसू आवरेना. तिच्या घरच्यांना बोलतं करायचं? माशाला कुणी पोहायला शिकवतं का? म्हणून तिने घरी नियमाबद्दल चकार शब्द काढला नाही. इथेच घोडं पेंड खाणार होतं.

कारण आईने आपल्या परीने तयारी केली होती. "कॉलेज आहे ते," गुरुवारी भिंगरी पुढे निघून गेल्यावर तिने घराबाहेर पडताना बजावलं. "आपली लाँड्री नव्हे. तिथे कुणी तोंड उघडलं तर माझ्याशी गाठ आहे. ताई, हे तुम्हालाच सांगतेय." आत्याने अपमान गिळला आणि वर खोकल्याची मोठी गोळी तोंडात टाकली, म्हणजे तोंडाला काम राहील. त्यात इस्त्रीच्या वाफेचा नळ बंद केला की नाही हे बघायला सगळे अर्ध्या वाटेतून परत गेले, आणि सरांचं पाहुण्यांना नियम समजावून झाल्यावर सभागृहात पोचले.

मंचावरचा मुलगा ओरडत होता, "सांगू का?" त्याचे मामा, मावश्या, शेजारी एका सुरात ओरडत होते, "सांग!"

"शिकल्यासवरल्या घरची माणसं," आई पुटपुटली, "आणि हे वागणं."

भिंगरीचा नंबर आला. ती उड्या मारतच मंचावर गेली. "सांगू का?"

काही नाही. तिसऱ्या रांगेत तिघं हाताची घडी घालून, तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. आईच्या चेहऱ्यावर तर कृतकृत्य हसू होतं.

"सांगू का?"

आईने ओठांवर बोट ठेवून तिला धीर दिला. सरांनी कागदावर काहीतरी टिपलं. जन्मभर ज्यांच्यापुढे तिला एक वाक्य पूर्ण करता आलं नव्हतं, त्यांनी नेमका आजचा मुहूर्त साधला होता. भिंगरीला रडू येऊ लागलं, आणि त्याच्या मागोमाग, कुठून कोण जाणे, हसू येऊ लागलं. घोकून आणलेली गोष्ट तिने सोडून दिली.

"एका कासवाने," ती म्हणाली, "जंगलात लाँड्री उघडली."

आत्याची गोळी या गालातून त्या गालात गेली.

"पहिली आली सिंहीण. झग्यावर रक्ताचा डाग, जेवणातला. कासवाने त्यावर ओतलं उकळतं पाणी."

आत्या खुर्चीत वळवळली.

"डाग जाईना. कासवाने आणखी उकळतं पाणी—"

"गार!" आत्या उभीच राहिली. गोळी पुढच्या रांगेतल्या गृहस्थांच्या कॉलरमागे गेली. "अगं, रक्ताला गार पाणी! पक्का होईल ना डाग!"

"ताई, बसा खाली," आईने पदर ओढला.

"मग आला जिराफ," भिंगरी घाईने म्हणाली, "त्याचा रेशमी गळपट्टा. कासवाने इस्त्री केली सुतीपेक्षाही कडक."

"जळेल की!" हे आईचं. आपण बोललो हे कळेपर्यंत ती पुढे म्हणून गेली होती, "उलटा कर आधी, वर फडकं टाक!"

मग काय, धरण फुटलं. तरसाचा कोट, हत्तिणीचा परकर, प्रत्येक कपड्याला दोघींच्या दोन सूचना, आणि कासवाचं उत्तर दरवेळी एकच: "लाँड्री कुणाची?" तिसऱ्या वेळी अख्खं सभागृह ओरडलं, "कासवाची!" सरांनी पेन खिशात ठेवलं. बाबा मात्र हाताची घडी घालून तसेच बसले होते.

भिंगरीने आवाज खाली आणला.

"एक दिवस माणसं आली आणि कासवाला साखळीने बांधून जहाजात घातलं. शेजारीही बांधलेले, पण एकाची भाषा दुसऱ्याला येईना. लाँड्री गेली, घर गेलं, नावसुद्धा काढून घेतलं. उरली ही एवढी गोष्ट. अंधारात कासवाने विचारलं, सांगू का? कुणी ओ दिली नाही."

ती थांबली. नियमच होता तसा. आई आणि आत्या डोळे पुसत होत्या, आणि त्या दोघींना पहिल्यांदाच शब्द सापडत नव्हता. सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

"मग?"

आवाज बसका होता, वापरात नसलेला. बाबा पुढे झुकले होते.

"मग पुढे काय, भिंगरे?"

"मग अंधारातून कुणीतरी अगदी असंच विचारलं," भिंगरी म्हणाली, "म्हणून गोष्ट समुद्रापार जिवंत पोचली."

टाळ्या वाजत राहिल्या. बाहेर पायऱ्यांवर आत्या त्या गृहस्थांची कॉलर नेमकी कशी धुवायची ते त्यांना समजावत होती. भिंगरी बाबांसमोर उभी राहिली. विचारायचा धीर होईना.

"मी हिशेबाचं बोललो होतो," बाबा म्हणाले.

"हो."

"हिशेबाला कुणी 'मग' म्हणत नाही." त्यांनी तिची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. "मग? पुढल्या वर्षी काय काय आहे?"

भिंगरीने सांगायला सुरुवात केली, आणि घर येईपर्यंत तिला कुणीही मध्ये तोडलं नाही.